नोझलमध्ये हवा ५०० मीटरने पळते, मग गार्नेट मागे का राहतं?

आधी तुमचा प्रश्न मला कसा समजला ते सांगतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे नक्की होईल. तुमचं काम ब्लास्टिंगचं, म्हणजे दाबाच्या हवेने कठीण कण मारून लोखंड साफ करायचं. तुमच्याकडे ३/८ इंचाचं व्हेंचुरी नोझल आहे, कॉम्प्रेसरच्या गेजवर ७ बार दिसतंय, माल ३०/६० मेश गार्नेट (कठीण खनिजाचे साधारण ०.२५ ते ०.६ मिमीचे कण) आणि काम म्हणजे स्ट्रक्चरल स्टीलवरचा गंज आणि मिल स्केल (गरम रोलिंगमध्ये स्टीलवर बसलेला कडक ऑक्साइडचा थर) काढून एसए अडीचचं, म्हणजे जवळपास पूर्ण स्वच्छ धातूचं, फिनिश देणं. पुतण्या मेकॅनिकलला आहे, त्याने सिम्युलेशन करून दाखवलं की नोझलच्या तोंडाशी हवा ५०० मीटर प्रतिसेकंदाच्या वर आहे आणि गार्नेटचा कणही ४७० ने बाहेर पडतोय. पण तुमच्या पोरांचा अनुभव असा की ग्रिट व्हॉल्व्ह (हवेत माल सोडणारा) जरा जास्त उघडला की काम वाढायच्या ऐवजी मंदावतं. म्हणून तुम्ही विचारताय की १० बारचा कॉम्प्रेसर घेतला तर फरक पडेल का.

पुतण्याचा हवेचा आकडा बरोबर आहे, कणाचा चुकलाय, आणि कॉम्प्रेसरची ऑर्डर आत्ताच देऊ नका. का ते नीट सांगतो, थोडं लांबेल.

हवेचं आधी उरकून घेऊ. ७ बार गेज म्हणजे ८ बार अ‍ॅब्सोल्यूट, कारण गेज फक्त वातावरणाच्या वरचा दाब दाखवतो, वातावरणाचा १ बार त्यात मिळवायचा. व्हेंचुरी नोझल आधी अरुंद होत जातं आणि मग परत रुंद होत जातं, हा आकार गुस्ताफ डी लाव्हाल या स्वीडिश इंजिनिअरने १८८०च्या दशकात वाफेच्या टर्बाइनसाठी वापरला आणि आज रॉकेटपासून तुमच्या ब्लास्टिंग गनपर्यंत सगळीकडे तोच चालतो. सगळ्यात अरुंद जागी, म्हणजे थ्रोटला, हवा बरोबर ध्वनीच्या वेगाला पोचते. तिथे हवा प्रसरण पावून थंड झालेली असते म्हणून तो वेग साधारण ३१७ मीटर येतो, आपल्या नेहमीच्या ३४० पेक्षा कमी. तिथून पुढे रुंद होणाऱ्या भागात हवा अजून पसरते, अजून थंड होते आणि अजून पळते. ८ बारपासून वातावरणाच्या दाबापर्यंत पूर्ण पसरली तर माक २ च्या जवळ (म्हणजे तिथल्या थंड हवेतल्या ध्वनीच्या दुप्पट वेग), ५२० मीटर. तापमान कागदावर उणे शंभरच्याही खाली जातं, म्हणून हवा ओली असली की नोझलच्या आसपास कटकट सुरू होते, मॉइश्चर सेपरेटर का लागतो त्याचं हेही एक कारण.

आता कण. इथेच बहुतेक लोकांची गफलत होते, शिकलेल्यांचीसुद्धा. हवेला वेग घ्यायला फक्त दाबातला फरक लागतो, ती स्वतःच प्रसरण पावत पळत सुटते. कणाला कोणी आतून ढकलत नाही, त्याला वेग मिळतो तो फक्त हवा त्याच्या अंगावरून पुढे जाताना जेवढी घासते आणि रेटते तेवढाच. म्हणजे कण हवेपेक्षा मागे असेल तरच त्याच्यावर रेटा पडणार, आणि तो हवेच्या जवळ पोचायला लागला की रेटा कमी कमी होत जाणार. हा रेटा वेगातल्या फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, हवेच्या घनतेच्या प्रमाणात असतो आणि कणाच्या आडव्या छेदाच्या प्रमाणात असतो. आणि हलवायचं असतं कणाचं वजन, जे व्यासाच्या घनाने वाढतं. छेद वर्गाने वाढतो, वजन घनाने, म्हणून कण मोठा झाला की तो आळशी होतो. खळ्यावर उपणताना दाणा पायाशी पडतो आणि भुसा लांब जातो ते याच कारणाने, वारा दोघांना सारखाच असतो.

तुमच्या नोझलचे आकडे घालून बघू. ३२ मिमीच्या होजमध्ये हवा फारशी पळत नसते, १७-१८ मीटर फक्त, कारण तिथे ती दाबलेली, घट्ट असते. म्हणजे गार्नेटचा कण नोझलच्या तोंडात शिरतो तो १०-१५ मीटरने रांगत. पुढच्या काही सेंटिमीटरमध्ये हवा ३०० च्या पुढे जाते आणि कण तिथेच मागे पडतो. नोझलची लांबी धरा १५० मिमी. सरासरी हवा ४०० मीटर, सरासरी घनता ४ किलो प्रति घनमीटर, ड्रॅगचा, म्हणजे हवेच्या रेट्याचा, गुणांक ०.८ धरला (गोळ्यासाठी कमी वेगात ०.४-०.५ असतो, कणाच्या सापेक्ष वेगाने माक १ गाठला की १ च्या आसपास जातो, आणि गार्नेट गोल नसतं म्हणून जरा जास्तच), तर ०.३ मिमीचा गार्नेटचा कण बाहेर पडताना साधारण २०० मीटरला असतो. हवेच्या सरासरी वेगाच्या निम्मा. आणि हे काही कमी नाही बरं का, सुरुवातीचं त्वरण बघितलं तर गुरुत्वाकर्षणाच्या तीस हजार पटीच्या वर जातं. पण त्याला वेळच मिळतो एक-दीड मिलिसेकंद, तेवढ्यात जे होईल ते.

तोच कण ०.६ मिमीचा घेतला तर १५५-१६० मीटर. स्टील ग्रिट ०.५ मिमीचं घेतलं, ज्याची घनता गार्नेटच्या जवळपास दुप्पट, तर १३० च्या आसपास. आणि १० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) धूळ घेतली तर ती ९० टक्क्यांच्या वर, म्हणजे हवेबरोबर जवळजवळ खांद्याला खांदा लावून. तुमच्या पुतण्याने ३०० च्या जागी ३० मायक्रॉन भरले असतील तर साधारण त्याच्यासारखाच मोठा आकडा येतो, त्याला ती एंट्री तपासायला सांगा. पण फक्त तेवढंच नसेल असं मला वाटतं, त्यावर खाली येतो.

आता तुमच्या पोरांचा अनुभव, व्हॉल्व्ह उघडला की काम मंदावतं. तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा भाग माझ्या मते हाच आहे, आणि पोरं बरोबर आहेत.

३/८ च्या नोझलमधून ७ बारला मिनिटाला साधारण ८ किलो हवा जाते. ही हवा एकटी ५२० मीटरने बाहेर पडली तर ती सेकंदाला जो संवेग (वस्तुमान गुणिले वेग) नेते तो ६९ न्यूटनच्या रेट्याइतका होतो, म्हणजे नोझल धरणाऱ्याच्या हाताला मागे सुमारे ७ किलोचा रेटा बसतो. ही तुमची एकूण पुंजी. कणांना जो काही वेग द्यायचा तो या ६९ मधूनच द्यायचा, वरून काही येत नाही. आता मिनिटाला ८ किलोच गार्नेट सोडलं, हवेइतकंच, आणि ते २०० ने निघालं तर त्याने २६-२७ न्यूटन घेतले. म्हणजे जवळपास ४० टक्के संवेग कणांनी खाल्ला आणि हवा तेवढी हळू झाली. हवा हळू झाली म्हणजे कणावरचा रेटा कमी झाला, म्हणजे खरं तर तो २०० लाही पोचत नाही, थोडा कमीच राहतो. आता व्हॉल्व्ह उघडून १६ किलो केलं. २०० च्या वेगाने जायचं तर ५३ न्यूटन लागतील, हवेकडे उरतात १६, एवढ्या कमी वेगाची हवा २०० च्या कणाला ढकलणारच कशी? शक्यच नाही. म्हणून सगळे कण मिळून खाली येतात, समजा १५० वर. वेग पाऊण झाला की एका कणाची ऊर्जा ५६ टक्क्यांवर येते.

आणि मिल स्केलला लागतो तो एका कणाचा घाव. स्केल ठिसूळ असतं, ते तडकवायला एका ठोक्यात अमुक एवढी ऊर्जा लागतेच, त्याच्या खालचे दहा ठोके मारले तरी एका नीट ठोक्याचं काम होत नाही. म्हणून बाहेर भरपूर माल दिसतो, पत्रा भरपूर वाजतो, आणि काम सरकत नाही. जॉबवर याची ओळख सोपी आहे, नोझलमधून निघणारा झोत फक्त हलका रंगीत दिसला पाहिजे, मालाची जाड गर्द रेघ दिसायला लागली की व्हॉल्व्ह जास्त उघडलाय. व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून हवा सोडा, मग हळूहळू उघडत जा आणि हवेचा आवाज जिथे एकसारखा, थोडा जडावलेला होतो तिथे थांबा. आवाज धपधप करत तुटक यायला लागला तर पुढे गेलात.

पुतण्याच्या सिम्युलेशनची दुसरी चूक मला इथेच दिसते. ८ किलो गार्नेट ४७० ने निघायचं तर ६२-६३ न्यूटन लागतात, एकूण आहेत ६९. म्हणजे हवेकडे काही उरतच नाही आणि तरीही त्याच्या चित्रात हवा ५०० च्या वर दाखवतेय. याचा अर्थ सॉफ्टवेअरमध्ये हवा कणाला ढकलते हे धरलंय, पण कण हवेला मागे ओढतो हे धरलेलं नाही. वन-वे कपलिंग म्हणतात त्याला. चिमूटभर धूळ असेल तर ते चालतं, वजनाने हवेइतकाच माल असेल तर अजिबात चालत नाही. टू-वे कपलिंग चालू कर म्हणावं. आणि कण सोडताना त्याचा सुरुवातीचा वेग किती दिलाय तेही बघ म्हणावं, बरेच विद्यार्थी कण थ्रोटलाच हवेच्या वेगाने सोडतात आणि मग तो अर्धी शर्यत आधीच जिंकलेला असतो. ड्रॅगचा नियमही माक नंबर धरणारा निवडायचा, साधा गोळ्याचा नियम ध्वनीच्या वेगाजवळ रेटा कमी दाखवतो. हेंडरसनने १९७६ मध्ये गोळ्यांच्या ड्रॅगची जी सूत्रं दिली ती अजूनही लोक वापरतात, त्याला हवी तर ती शोधून टाकता येतील. एवढं केल्यावर जो आकडा येईल तो १५० ते २०० च्या मध्ये कुठेतरी आला तर समजा मॉडेल ताळ्यावर आलं.

आता १० बार. थ्रोटला हवा ध्वनीच्या वेगाला अडकलेली असते, दाब कितीही वाढवा तिथला वेग ३१७ च राहणार. बाहेर पडतानाचाही फार वाढत नाही, ७ वरून १० बार गेज केलं तर ५२० चे ५४५-५५० होतात, ५ टक्के. मग दाब वाढवून फायदा होतो तो कशाने? घनतेने. हवा ३७ टक्क्यांनी घट्ट होते, कणाच्या अंगावर जास्त हवा आदळते, म्हणून कण २०० चा २२५ च्या आसपास जातो. ऊर्जेत पाऊणपट नाही पण पाव हिस्सा तरी नक्की वाढ. म्हणजे फायदा खरा आहे. पण त्यासाठी हवाही ३७ टक्के जास्त लागणार आणि ती जास्त दाबाला न्यायची, म्हणजे विजेचं बिल दीडपटीच्या वर. शिवाय पॉट (माल भरायची दाबाची टाकी), होज, कपलिंग, डेडमॅन व्हॉल्व्ह (हात सुटला की झोत बंद करणारा) हे सगळं किती बारला रेटेड आहे ते नेमप्लेटवर बघा, बाजारातले बरेच पॉट ८-१० बारच्या आतबाहेरचे असतात आणि या गोष्टीत मी कुणालाही जरासुद्धा ढील देत नाही, प्रेशर व्हेसल फुटलं की माणूस जातो.

आणि मुळात तुमच्या नोझलला ७ बार पोचतंय का? तुम्ही जो आकडा सांगताय तो कॉम्प्रेसरवरचा आहे. मधे ड्रायर, सेपरेटर, पॉटचे व्हॉल्व्ह, आणि मग लांबलचक होज. नोझलपाशी ५ मिळत असेल तर मला नवल वाटणार नाही. आपल्या धंद्यात एक जुना ठोकताळा आहे, नोझलपाशी १ पीएसआय कमी झाला की काम दीड टक्क्याने कमी होतं. २ बार म्हणजे २९ पीएसआय, हिशोब करा, चाळीस टक्क्यांच्या वर जातो. तुम्ही १० बारचा कॉम्प्रेसर घेऊन जे मिळवायला निघालात ते कदाचित होजमध्येच सांडतंय. यासाठी सुईचा गेज मिळतो, नोझल होल्डरच्या मागे होजमध्ये सुई तिरपी, हवेच्या दिशेने टोक करून खुपसायची आणि माल चालू असताना रीडिंग घ्यायचं. माल बंद ठेवून घेतलेल्या रीडिंगला काही अर्थ नाही. होज आतून नोझलच्या भोकाच्या तीन ते चार पट असावा, ३/८ ला सव्वा इंच म्हणजे ३२ मिमी बरोबर आहे, पण त्यापेक्षा फार मोठाही घेऊ नका, हवा इतकी हळू होते की गार्नेट होजच्या तळाशी बसतं, ढीग होतो, मग दाब साचून तो ढीग एकदम सुटतो आणि नोझल उसळ्या मारायला लागतं. लांबी गरजेपुरतीच ठेवा, वेटोळी घालून ठेवलेला होज आधी सरळ करा.

दाब कमी पडल्याचा व्हेंचुरीवर अजून एक परिणाम होतो. नोझलचं रुंद होणं एका ठरावीक दाबासाठी कापलेलं असतं. दाब निम्म्यावर आला की हवा आत गरजेपेक्षा जास्त पसरते, बाहेरच्या वातावरणाचा दाब तिच्यापेक्षा वरचढ होतो आणि शॉक, म्हणजे दाब एकदम उडी घेतो अशा लाटा, नोझलच्या आत शिरायला लागतात, हवा भिंतीपासून सुटते. मग शेवटच्या भागात कणाला मिळायचा रेटा गेलाच. स्ट्रेट बोअर, म्हणजे सरळ भोकाच्या, नोझलचं उलटं, तिथे हवा ध्वनीच्या वेगानेच बाहेर पडते पण दाब अजून ४ बारच्या आसपास शिल्लक असतो, तो बाहेर आल्यावर एकदम फुटतो, झोतात ते हिऱ्यांसारखे पट्टे दिसतात, मधेच जोरात मारतं आणि कडेला काहीच नाही. हवा बाहेर पसरून वेगवान होते खरी, पण त्या मोकळ्या जागेत कण तिच्या तावडीत फार थोडा वेळ असतो. लांब व्हेंचुरीचा सगळा मुद्दा हाच की घट्ट, वेगवान हवेच्या संगतीत कणाला जास्त सेंटिमीटर मिळावेत.

घासलेल्या नोझलचंही इथेच सांगतो. भोक १/१६ इंचाने वाढलं, ३/८ चं ७/१६ झालं, की नोझल बदला. छेद ३६ टक्क्यांनी वाढतो, हवेची मागणीही तेवढीच वाढते, कॉम्प्रेसर तेवढी देऊ शकत नाही म्हणून दाब पडतो. टंगस्टन कार्बाइडचं महाग वाटतं, बोरॉन कार्बाइडचं अजून महाग, पण घासलेल्या नोझलने वाया जाणाऱ्या हवेच्या विजेपुढे ते काही नाही. भोकात मापाची ड्रिल बिट घालून आठवड्याला तपासा.

अंतर आणि कोन. नोझलच्या तोंडातून निघाल्यावरही हवा कणापेक्षा वेगवान असते, म्हणून कण बाहेरही थोडा वेळ वेग घेतच राहतो. माक २ च्या झोताचा गाभा साधारण ८-९ व्यासांपर्यंत टिकतो, तुमच्याकडे ते ११० मिमीच्या आसपास येतं, मग आजूबाजूची हवा मिसळून झोत ढिला होत जातो. ०.३ मिमीचा कण जड असल्यामुळे त्यानंतर लगेच वेग सोडत नाही, म्हणून फूट-दीड फुटावरून मारलं तरी घाव बसतो आणि पट्टाही रुंद मिळतो. अगदी पत्र्याला नोझल चिकटवून मारणारे असतात, त्याने वेग वाढत नाही, फक्त पट्टा बारीक होतो आणि उडून परत येणारे कण येणाऱ्या कणांना धडकतात.

कोनाचं असं आहे की स्टीलसारखा चिवट धातू तिरप्या माऱ्याने जास्त घासला जातो, साधारण १५ ते ३० अंशात, कारण कण तिथे रंध्यासारखा कापत जातो, आणि काच, स्केल, सिरॅमिकसारखं ठिसूळ काही असेल तर सरळ ९० अंशात जास्त फुटतं. इयन फिनी यांनी १९६० मध्ये चिवट धातूंसाठी हे गणितात मांडलं. आणि वेगाचा परिणाम वर्गाच्याही थोडा वर जातो, धातूंवर साधारण २.३ च्या घाताने, म्हणून १० टक्के वेग वाढला की झीज सव्वापट. तुमच्या मिल स्केलला ७५-९० अंश, जुना जाड पेंट सोलायचा असेल तर ४५-६०. कोराडी किंवा चंद्रपूरसारख्या औष्णिक केंद्रात कोळशाची पूड वाहून नेणाऱ्या पाइपांचे बेंड बाहेरच्या बाजूने झिजतात तेही याच नियमाने, तिथे वेग २०-३० मीटरच असतो पण आपल्या कोळशात राख आणि क्वार्ट्झ इतकं की लोखंड खाल्लं जातं, म्हणून आतून सिरॅमिकचं किंवा बसाल्टचं अस्तर लावतात.

आता धूळ, आणि हे वाचताना घाई करू नका. गार्नेट तुम्ही परत वापरता असं लिहिलंय. एकदा आदळल्यावर बरेच कण फुटतात. १० मायक्रॉनच्या कणाला हवा जवळजवळ पूर्ण वेग देते, म्हणजे किलोमागे सगळ्यात जास्त संवेग हीच धूळ खाते, आणि बदल्यात काय देते? त्याचं वजन ०.३ मिमीच्या कणाच्या सत्तावीस हजारावा भाग, वेग दुपटीच्या वर धरला तरी एका ठोक्याची ऊर्जा पाच हजारावा भाग. स्केलला काही होत नाही. अजून बारीक, एक-दोन मायक्रॉनचा कण तर पत्र्याला शिवतही नाही, हवा पत्र्यापाशी वळली की तोही वळतो. म्हणजे मालात धूळ ठेवणं म्हणजे तुमच्या ६९ न्यूटनमधली चोरी आहे. परत वापरायच्या आधी एअर-वॉश सेपरेटरमधून (हवेच्या झोताने धूळ वेगळी करणारं यंत्र) काढा, ते जमत नसेल तर चाळणी तरी लावाच, आणि दोन-तीन फेऱ्यांनंतर माल मुठीत घेऊन बघा, बोटांना पिठासारखं लागलं तर टाकून द्या.

आणि जो कण पत्र्यापाशी वळतो तोच नाकाच्या वळणावरही वळतो. मोठा कण नाकात, घशात आदळून अडकतो, ४-५ मायक्रॉनच्या खालचा फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातो. गार्नेटमध्ये मोकळी सिलिका अगदी कमी असते, म्हणून ते बरं. नदीच्या वाळूत क्वार्ट्झ, म्हणजे मोकळी सिलिकाच, भरलेलं असतं, तिने मारायचं म्हणजे सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार विकत घेणं, आणि तो बरा होत नाही. ब्रिटनने कास्टिंगच्या ब्लास्टिंगला वाळू वापरणं १९४९ च्या नियमांनी बंद केलं. आपल्याकडे १९४८ च्या फॅक्टरी कायद्यापासून सिलिकोसिस नोटिफायेबल (सरकारला कळवायलाच लागणाऱ्या) आजारांच्या यादीत आहे, तरी अजून स्वस्त पडते म्हणून वाळू मारणारे भेटतात. तुमच्या पोरांना एअर-फेड हेल्मेट द्या, त्याची हवा वेगळ्या फिल्टरमधून द्या, आणि मारणं थांबल्यावरही लगेच काढू देऊ नका, कारण बारीक धूळ खाली बसायला तासन् तास घेते. फडक्याने तोंड बांधून काही होत नाही.

तुम्ही जाता जाता विचारलंय की मग कणाला खरंच ५००-६०० ला नेता येतं का. येतं, कोल्ड स्प्रेमध्ये, म्हणजे धातूची पूड न वितळवता वेगाने मारून थर चढवतात त्यात, तेच करतात. १९८० च्या दशकात नोवोसिबिर्स्कच्या सैद्धांतिक आणि उपयोजित यांत्रिकी संस्थेत पापिरिन आणि त्यांचे सहकारी विंड टनेलमध्ये कण मिसळलेल्या सुपरसॉनिक हवेचे प्रयोग करत होते. कण मॉडेलला घासतील अशी अपेक्षा, पण एका वेगाच्या वर धातूचे कण न वितळता मॉडेलवर चिकटून बसायला लागले. तांब्यासाठी हा वेग ५०० ते ६०० मीटरच्या दरम्यान येतो. तिथे कण ५ ते ५० मायक्रॉनचे घेतात म्हणजे ते हवेला साथ देऊ शकतात, नायट्रोजन शेकडो अंशांपर्यंत तापवतात, कारण गरम वायूत ध्वनीचाच वेग जास्त असतो, आणि अजून हवं असेल तर हेलियम, ज्यात तो हवेच्या जवळपास तिप्पट. पण ५ मायक्रॉनच्या खालची पावडर तिथेही नको असते, पृष्ठभागासमोर जो शॉक उभा राहतो त्यात ती वेग गमावते. हैदराबादच्या एआरसीआय या पावडर मेटलर्जीच्या संशोधन केंद्रात यावर काम चालतं, पुतण्याला रस असेल तर तिकडे बघू दे. इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्या टप्प्यातल्या घन इंधनातही हाच विषय येतो, अ‍ॅल्युमिनियम जळून अ‍ॅल्युमिनाचे थेंब होतात, ते नोझलमध्ये वायूच्या मागे राहतात आणि थोडा थ्रस्ट वाया जातो.

तर आत्ता तुम्ही असं करा. होज सरळ करा, नोझलचं भोक मोजा, व्हॉल्व्ह बंद करून परत हळू उघडत सेट करा, आणि माल चालू असताना सुईच्या गेजने नोझलमागचा दाब घ्या. तो दाब, होजची लांबी आणि आतला व्यास, कॉम्प्रेसरचा सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा देतो) आणि मिनिटाला किती किलो गार्नेट जातं (दहा मिनिटं मारून पॉटमध्ये किती भरावं लागलं ते वजन करा) एवढं कळवा. ६ च्या वर दाब मिळत असेल तर नोझलचा साइज आणि माल यावर बोलू. त्याच्या खाली असेल तर आधी पाइपलाइन, कॉम्प्रेसर नंतर.